मृत अर्भकाचा एमआरआय आणि फॉर्म एफ

"म्याडम, ये एज झिरो नै लेरा," शकीलभाई कन्सोलवरून म्हणाले.

एमआरआय मशीनला पेशंटचे वय आणि वजन सांगावे लागते. त्याशिवाय ते स्कॅन सुरू करत नाही. त्या सकाळच्या पेशंटचे वजन एक किलो नऊशे ग्रॅम होते. वय नव्हते. बाळ आदल्या दुपारी मृत जन्मले होते.

"एक दिवस टाका," मी म्हणाले.

"एक दिन तो जिया नै ना, म्याडम."

"मशीनला ते कळत नाही. टाका."

त्यांनी एक दिवस टाकला. मशीन समाधानी झाले. पहिल्याच टप्प्यात त्याने नेहमीची रेकॉर्ड केलेली सूचना दिली: श्वास घ्या, श्वास रोखा, हलू नका. शकीलभाई आमचे सर्वांत जुने टेक्निशियन. ते उठले, स्पीकर बंद केला आणि परत बसले.

हे टँकरच्या वर्षांतले. शहर चारी बाजूंनी वाढत होते. जालना रोडला दर सहा महिन्यांनी एक नवे हॉस्पिटल उभे राहत होते आणि सगळ्यांच्या गच्चीवरच्या टाक्या टँकरने भरल्या जात होत्या. मी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात रेडिओलॉजिस्ट होते.

बाळाची आई रेखा. वय बावीस, गाव देवगाव रंगारीच्या पलीकडे. नवरा भगवान शेंद्र्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, घरची थोडी मेंढरे सासू-सासरे सांभाळत. आठव्या महिन्यात सोनोग्राफीत पोटातले पाणी फार कमी दिसले. चार दिवसांनी बाळाची हालचाल थांबली.

पाणी कमी, हे दोन शब्द घरी पोचले आणि गावाने निदान करून टाकले. ते मला वॉर्डात रेखाच्या सासूने, गयाबाईंनी ऐकवले. रेखा शेजारच्याच कॉटवर होती.

"टँकर आला की ही म्होरं. हंडा भरायची अन् समद्यांला वाटायची. सासऱ्याला दे, मेंढरांला दे. सवता घोटभर प्यायची नाय. मी सांगून थकले. आटलं की मग पोटातलं पाणी!"

भगवान मला व्हरांड्यात घेऊन गेला.

"म्याडम, रविवारी भावकीची बैठक हाय. हिला माहेरी धाडायचं म्हणत्यात. चुलत्यानं दुसरी पोरगीबी बघून ठिवलीय."

"तुमचं काय म्हणणं?"

"मला म्हाईत नाय. खरंच हिच्यामुळं झालं का, तेवढं सांगा."

याचे उत्तर देण्याचा जुना मार्ग शवविच्छेदन. शरीर उघडून अवयव तपासतात. आमच्या पॅथॉलॉजिस्टने तसे सुचवले होते. भगवानने एका वाक्यात नकार दिला: "फाडायचं नाय." असा नकार बहुतेक आईबाप देतात. गर्भ आणि लहान मुलांच्या बाबतीत दुसरा मार्ग आता उपलब्ध आहे. न कापता स्कॅन करायचा. एमआरआय मुख्यतः शरीरातल्या पाण्याचे आणि चरबीचे चित्र काढतो, त्यामुळे मेंदू, मूत्रपिंड, मूत्राशय चांगले दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला तुकडा मिळत नाही, ही त्याची मर्यादा. जिथे विच्छेदनाला नकार आहे तिथे मात्र स्कॅन नाहीतर काहीच नाही, एवढाच पर्याय असतो. आमच्याकडे तो तोवर कुणी केला नव्हता. ओपीडीचे पेशंट येण्याआधी, सकाळी सहाला करायचे ठरले.

शवागारातून आणलेले शरीर थंड असते आणि थंड शरीराचे चित्र नेहमीच्या सेटिंगवर फिके येते. शकीलभाईंनी तासभर आकडे बदलून पाहिले. शेवटी चित्र आले. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत स्पष्ट चित्रांपैकी ते एक आहे. मूत्राशय फुगून बेंबीच्या वर गेलेले. दोन्ही मूत्रपिंडे द्राक्षाच्या घडासारखी फुगलेली. मूत्राशयाखाली मूत्रमार्गाचा सुरुवातीचा भाग रुंद आणि त्यापुढे वाट बंद. अशा बाळांत तिथे जन्मतःच एक पातळ पडदा असतो, झडपेसारखा. त्याला पोस्टीरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह म्हणतात. तो फक्त मुलग्यांमध्ये आढळतो.

आता पोटातल्या पाण्याबद्दल. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भाभोवतीचे पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी असते. बाळ ते पाणी गिळते, पुन्हा लघवी करते, असे चक्र चालते. या बाळाची वाट बंद होती, म्हणून बाहेर पाणी नव्हते. पाणी नसले की नाळ दबते आणि बाळाला प्राणवायू पोचत नाही. रेखाने काय प्यायले आणि काय वाटले याचा या पडद्याशी संबंध नव्हता.

दुपारी बाळ घरच्यांच्या ताब्यात दिले. त्यांनी गावी नेऊन पुरले. मी बुधवारी रिपोर्ट लिहिला. काम संपले असे मला वाटले.

गुरुवारी प्रशासन अधिकारी कुलथे साहेबांनी बोलावले. कुलथे साहेब प्रामाणिक गृहस्थ होते. वर्षभरापूर्वी एका फॉर्मवर एक सही राहिली म्हणून आमचे सोनोग्राफी मशीन सील झाले होते आणि सोडवायला त्यांना तीन आठवडे चकरा माराव्या लागल्या होत्या. तेव्हापासून ते सहीशिवाय चहाही घेत नसत.

"म्याडम, एक दिवस वय म्हणजे जिवंत जन्म. मग मृत्यूचा दाखला कुठंय?"

"जिवंत जन्म नाही. मशीन शून्य घेत नाही."

"मग असा पेशंट आपल्याकडे आलाच नाही. आईच्या नावावर करा."

केले. कागदोपत्री आता असे झाले: रेखा, वय बावीस, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. पण आईचे नाव आणि गर्भ हा शब्द एकत्र आल्याबरोबर हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरने रिपोर्ट अडवला आणि फॉर्म एफ मागितला.

फॉर्म एफ गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्यातला आहे. गरोदर बाईची सोनोग्राफी करताना तो भरतात. बाई लिहून देते की मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. डॉक्टर लिहून देतो की मी ते कुणाला सांगितलेले नाही. हा कायदा कडक आहे आणि आपल्या भागात तो कडकच असायला हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तो पोटातल्या गर्भासाठी आहे. जन्मून, अंघोळ घालून, पुरून झालेल्या बाळाला तो लावा असे आम्हाला कुणीही सांगितले नव्हते. कुलथे साहेबांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर केले.

रेखा अजून वॉर्डात होती. कुलथे साहेब फॉर्म घेऊन तिथे आले. शेवटच्या पाळीची तारीख आणि हयात मुलांची संख्या हे रकाने तिने भरून दिले. सही करताना भगवानने कागद धरून ठेवला.

"साहेब, पोराला मीच खड्ड्यात ठिवलं. आमाला ठावं नाय असं कसं लिव्हायचं?"

"माहीत नाही असं नाही लिहायचं. जाणून घ्यायचं नाही असं लिहायचंय."

"पर ठावं हाय ना."

"त्याने फॉर्मला फरक पडत नाही."

भगवानने कागद सोडला, रेखाला खूण केली आणि तिने सही केली.

फॉर्म भरल्यावर सॉफ्टवेअरने रिपोर्टातला 'मेल' हा शब्द लाल करून दाखवला. मी तो काढला. रिपोर्ट पुढे गेला, कुलथे साहेबांच्या टेबलावर थांबला. त्यांनी निदानाचे नाव मोबाईलवर शोधले होते.

"म्याडम, हा आजार फक्त मुलग्यांना होतो?"

"हो."

"म्हणजे आजाराचं नाव लिहिलं की लिंग उघड झालं."

"साहेब, घरच्यांनी बाळाला अंघोळ घातली आहे."

"ती त्यांच्या घरी. आपल्या लेटरहेडवर नाही. तुम्ही लिंगनिरपेक्ष निदान द्या."

"असा लिंगनिरपेक्ष पडदा अजून कुणाला सापडलेला नाही."

"मग अवयवाचं नाव नका घेऊ."

"अवयवाचं नाव न घेता रिपोर्ट? तो तर ज्योतिषीसुद्धा देतो."

ते हसले नाहीत. त्यांनी हॉस्पिटलच्या वकिलांना फोन लावला. वकिलांनी मसुदा पाठवायला शुक्रवारची संध्याकाळ केली. मसुद्यातले मुख्य वाक्य असे होते: ज्या प्रकारच्या बाळांमध्ये सदर दोष आढळू शकतो, त्या प्रकारच्या बाळात सदर दोष आढळून आला. मी ते तीनदा वाचले. त्यात चूक काढता येत नव्हती. अर्थही काढता येत नव्हता.

शनिवारी मी घरच्यांना बोलावून घेतले. दुसऱ्या दिवशी बैठक होती. रिपोर्टवर सही होवो न होवो, समजावून सांगायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती, असा माझा समज होता. कुलथे साहेब रजिस्टर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले.

"मी फक्त साक्षीदार," ते म्हणाले. "तो शब्द आला नाही, एवढं बघायला."

भगवान आणि गयाबाई समोर बसले. रेखा दारापाशी उभी होती. बस म्हटले तरी बसली नाही. मी कागदावर दोन मूत्रपिंडे, एक मूत्राशय आणि खाली नळी काढली. नळीत आडवी रेघ मारली.

"इथे पडदा होता. बाळाची लघवी बाहेर येत नव्हती. पोटातलं पाणी म्हणजे बहुतेक बाळाची लघवीच असते."

"मूत?" गयाबाई म्हणाल्या. "लेकरू मुतात पवतं?"

"हो. सगळीच."

"मी बी?"

"तुम्ही पण. मी पण."

गयाबाईंनी कोपऱ्यातल्या कुलथे साहेबांकडे पाहिले. ते रजिस्टरात पाहू लागले.

"मंग हिनं पाणी पेलं नाय, त्याचं काय?"

"तिनं रोज चार घागरी प्यायल्या असत्या तरी ही वाट बंदच होती. हा पडदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तयार होतो. तेव्हा तर कुणाला हे बाळ आहे हेही नीट माहीत नसतं."

गयाबाईंनी कागद हातात घेतला. उलटा धरला, मग सरळ केला. आडव्या रेघेवर बोट ठेवले.

"म्हंजी मेंढ्याचं तुंबतं तसं."

मला समजले नाही. भगवानला समजले. तो सरळ बसला.

"उन्हाळ्यात मेंढ्याचं मूत तुंबतं, बाई. पोट फुगतं, पाय झाडतं अन् मरतं. मेंढीचं तुंबल्यालं मी उभ्या जल्मात बघितलं नाय. नराचीच वाट लांब अन् बारीक. पोरगं हुतं म्हून तुंबलं."

कुलथे साहेबांचे पेन वर आले.

"कारण वेगळं असतं," मी म्हणाले, "पण अडतं असंच." शब्द माझ्या तोंडून आला नव्हता, हे मी साहेबांकडे बघून लक्षात आणून दिले.

गयाबाई कागदाकडे पाहत होत्या. मग दाराकडे न बघता म्हणाल्या,

"मेंढ्याचं तुंबलं तर मेंढीला कोण इचारतं, तू किती पाणी पेलीस म्हून?"

रेखा तेव्हा खाली बसली. खुर्चीवर नाही, दारातच, फरशीवर. भगवान उठून तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. पुढच्या वेळी असे होईल का, हे त्याने तिथूनच विचारले. बहुधा नाही, पण सोनोग्राफी वेळेवर करा, असे मी सांगितले.

कुलथे साहेब घसा खाकरून पुढे आले.

"आजी, हे तुम्हाला म्याडमनी सांगितलं का?"

"काय?"

"ते... नराचं."

"ह्या बाईनं?" गयाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "हिला काय कळतंय मेंढरातलं!"

साहेबांनी ते लिहून घेतले. नोंद अशी आहे: सदर बाब नातेवाईकांस पूर्वानुभवाने ज्ञात होती. खाली मृताच्या आजीचा अंगठा.

सही झालेला रिपोर्ट त्यांना वकिलांच्या वाक्यासह मिळाला. बैठकीत तो कुणी वाचला नाही, असे रेखाचे टाके दाखवायला आल्यावर भगवानने सांगितले. तो इंग्रजीत होता. गयाबाईंनी मेंढ्याचे सांगितले. भावकीत सगळे मेंढरे राखलेले. चुलत्याने मधेच आजारी मेंढ्याचे औषध सांगायला सुरुवात केली आणि बैठक तिकडेच गेली. माहेरचा विषय निघाला नाही. रेखा घरी राहिली. टँकरवर आता गयाबाई जातात आणि पहिला तांब्या सुनेला देतात, तोही तिने पिऊन होईपर्यंत समोर उभ्या राहून. याचा तिला त्रास होतो, असेही भगवान म्हणाला.

त्यानंतर मी असे बरेच स्कॅन केले. मशीनच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये वय शून्य चालते. माझी पद्धत तेवढी बदलली. निदान झाले की घरच्यांना त्याच दिवशी, तोंडी, चित्र काढून सांगते. त्याआधी त्यांचा धंदा काय ते विचारून घेते. फॉर्म नंतर भरते, कारण फॉर्मला घाई नसते.