बेटावरच्या गावात सासूबाई

परकं दार नावाची काही वस्तू जगात असते, यावर आमच्या सासूबाईंचा मुळीच विश्वास नव्हता. मिरजेहून सनीव्हेलला आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्याच आठवड्यात त्यांनी आमच्या अपार्टमेंटचा अख्खा मजला दत्तक घेतला. शेजारच्या इंजिनिअरच्या कुंडीला पाणी घाल, समोरच्यांचं पायपुसणं कठड्यावर आपट, कोपऱ्यातल्या म्हातारबुवांचं दार वाजवून त्यांना थालीपीठ दे, असा त्यांचा दिवस जायचा. भाषा अर्थात मिरजेचीच. ‘मनापासून बोललं की कळतं हो, जावईबापू,’ असं त्या म्हणत आणि म्हातारबुवा थालीपीठ खात मान डोलावत, त्यामुळे मला वादच घालता येत नसे. पण रोज सकाळी सगळ्याच दारांपुढे रांगोळी उमटू लागली, तेव्हा मॅनेजर आला. ‘नो पावडर इन द वॉकवे, प्लीज,’ तो बिचारा अगदी ओशाळून म्हणाला. सासूबाईंनी त्याला चहा पाजला, रांगोळ्या पुसल्या आणि त्या दिवसापासून खिडकीशी बसून राहू लागल्या.

मार्चमध्ये त्यांनी जाहीर केलं, ‘मला मिरजेला पोचवा. परत यायचं की नाही, ते तिथे गेल्यावर बघू.’ बायकोचा चेहराच पडला. ती एकुलती एक, वडील गेलेले. आईनं आपल्याजवळ राहावं म्हणून तिनं ग्रीन कार्डासाठी जिवाचं रान केलं होतं. त्या वर्षी आमचं विमान अथेन्सवरून जाणार होतं. मध्ये एखाद्या बेटावर थांबू, आईचं मन रमेल, मग मी विषय काढीन, असा तिचा बेत होता. मी कॅमेऱ्याचे रोल भरून घेतले.

बेटावरचं जुनं गाव डोंगराच्या उतारावर होतं. बंदरापासून बस आणि पुढे नुसत्या पायऱ्या. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाढव आलं तर आपण कुणाच्या तरी दारात शिरायचं. सासूबाईंना ही व्यवस्था फारच पसंत पडली आणि गाढव नसतानाही त्या शिरू लागल्या. सनीव्हेलला जिना पाहिला की ज्यांचे गुडघे दुखत, त्या बाई इथे कायम आमच्या एक वळण पुढे! ईस्टर जवळ आला होता. काळे कपडे घातलेल्या बायका गल्लीतल्या फरशांच्या कडा चुन्यानं रंगवत होत्या. ते बघून सासूबाई थबकल्या. मला वाटलं, दम लागला. मी पाणी काढेपर्यंत त्यांनी एका आजीबाईंच्या हातातला ब्रश घेतलासुद्धा.

‘आई, अगं त्यांचं दार आहे ते!’ बायको ओरडली.

‘मग? माझं कुठे म्हणतेय मी?’ असं म्हणत सासूबाईंनी पायरीसमोरच्या मोठ्या फरशीवर कमळ काढलं.

आजीबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. मी मनातल्या मनात इंग्रजीत माफी जुळवू लागलो; त्यांना इंग्रजी येत नसणार, हेही माझ्या लक्षात आलं नाही. त्या तडक आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात बशीत चमचाभर संत्र्याच्या सालीचा मुरांबा आणि गार पाण्याचा पेला होता. ‘बघा, दारी आलेल्याला गूळपाणी!’ सासूबाई म्हणाल्या. मग दोघी पायरीवर बसून आपापल्या भाषेत गुडघ्यांविषयी बोलू लागल्या. उन्हं कलेपर्यंत शेजारच्या दारांतही कमळं उमटली. कित्येक महिन्यांनी सासूबाईंना खळखळून हसताना बघून मला फार बरं वाटलं, आणि आता या काही आपल्याकडे राहणार नाहीत, हेही कळून चुकलं.

खाली येताना बसमध्ये बायकोनं विचारलंच, ‘आई, परत येशील ना गं?’

‘येईन की. पण पाहुणी म्हणून येईन. कायमची आले, तर माझी वाट कोण बघणार?’

बायको रडली, मग हसली आणि आईच्या बोटांवरचा चुना आपल्या पदराला पुसत बसली.

त्यानंतर त्या दोनदा आल्या, दोन्ही वेळा एप्रिलमध्ये. दोन्ही खेपांना विमान उतरायच्या कितीतरी आधी मी विमानतळावर जाऊन उभा होतो. पुढच्या खेपेचं तिकीटही काढलं होतं, पण त्याआधीच त्या वारल्या. एप्रिल लागला की मी अजून त्यांची वाट बघतो.