खडा नाही ना लागला?

"खडा नाही ना लागला?"

माझ्या शेजारणीच्या घरी पहिला घास तोंडात घातला की हे ऐकायचंच. उभ्यानं विचारायची, हातात भाताचा चमचा आणि डोळे तुमच्या जबड्यावर. आता तुम्हीच सांगा, माणसानं जेवावं कसं?

जवाहरनगरला आमची क्वार्टरं भिंतीला भिंत लागून. तिचा तांदूळ माहेरून, करडीहून यायचा. सूप घेऊन पायरीवर बसली की निवडलेला तांदूळ पुन्हा निवडायची. मी म्हणायची, "काहून वं, तांदळाचा जीव घेतेस का?" ती हसायची, पण हात थांबत नसत.

तरी एखादा खडा राहायचाच. एकदा माझ्यासमोरच तिच्या नवऱ्याच्या तोंडात करकन वाजलं.

"लागला ना?"

"नाही वं, पापड होता."

ताटात पापड नव्हताच. त्या भल्या माणसानं खडा तसाच गिळला होता. मला हसू आलं, पण तिच्याकडे पाहिलं आणि विरून गेलं. भिंतीला पाठ लावून उभी होती, एक हात कानावर.

तो हात कशासाठी, ते तिनं मला पुढे सांगितलं. लहानपणी बापाच्या घासात खडा आला की ताट भिंतीवर जायचं. मग मायला मार. सांडलेला भात पोरांनी वेचून खायचा. "बाप जेवेपर्यंत आमी कोनी बोलत नव्हतो ताई. खडा वाजते का, तेवढंच आयकत बसायचो."

बाप मरून कितीतरी वर्षं झाली होती. तरी ती कधी बसून जेवली नाही. ओट्याशी उभी, ताटली हातावर, चार घास, झालं. पोटाचं दुखणं कायम मागे लागलेलं.

एक दिवस माझ्या दारात आली, तोंड उतरलेलं. तिची मुलगी तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती.

"ताई, माही पोरगी बापाच्या तोंडाकडे पाहून राहिली होती. त्यानं घास गिळला, मंगच तिनं घेतला. तिले हे कोनी शिकवलं वं?"

मी तिला आत बोलावलं, पण ती उंबऱ्यातच थांबली.

"तिले तुमच्या घरी जेवू द्या. तुमच्या इथं गलका असते."

गलका तर असायचाच. माझी पोरं भाताच्या खरवडीवरून भांडायची. मुलगी रोज संध्याकाळी आमच्यात बसू लागली. आधी माझ्या यजमानांच्या तोंडाकडे पाहायची, मग हळूहळू तीही खरवडीसाठी ओरडायला लागली. आई दाराआड उभी राहून ऐकायची. "ये ना, तूही बस," म्हटलं की, "नाही जी, गॅसवर दूध आहे." रोजचंच ते दूध!

मुलीला नोकरी लागायच्या आधीच आई गेली. शेवटी दवाखान्यात मी पातळ पेज भरवली, तर घोट घ्यायच्या आधी माझ्याकडेच पाहिलं, मी रागावले की काय म्हणून.

परवा मुलगी वरठी स्टेशनला गाडीतून उतरली ती थेट माझ्याकडे आली. जेवायला बसलो. तिच्या तोंडात करकन वाजलं. माझाच घास हातात राहिला.

तिनं खडा काढून ताटाच्या काठावर ठेवला. "मावशी, तांदूळ निवडता का नुसतं सूप हालवता?" हसली, मांडी सैल केली आणि आणखी भात मागितला.

वाढता वाढता मी दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. आड कोणी नव्हतं.