शर्वरीला ब्रिलियंट, बाईंना नाइस

पडदा उघडतो तो विजय नगरच्या हॉलमध्ये. मराठी मंडळाच्या नाटकाची तालीम नुकतीच संपली आहे आणि पोहे-जिलबी खात सगळी मंडळी दिग्दर्शकाच्या शेऱ्याची वाट बघताहेत. पुण्याहून इथे नोकरीसाठी आलेला हा दिग्दर्शक, सुजय, रोज प्रत्येकाला एकेकच इंग्रजी शब्द देतो.

"शर्वरी, ब्रिलियंट. इंदुमतीबाई, नाइस."

चाळीस वर्षं मंडळाच्या नायिका रंगवलेल्या इंदुमतीबाईंनी हातातली जिलबी बशीत परत ठेवली. शर्वरी तर पहिल्यांदाच रंगमंचावर उभी राहत होती.

"नाइस म्हणजे नेमकं काय हो?" त्यांनी शेजारी बसलेल्या हरीभाऊंना विचारलं.

"बढिया. खुश व्हा, बाई."

तेवढ्यात सुजय चहाचा घोट घेऊन म्हणाला, "नाइस."

बाईंनी बशी खाली ठेवली.

"सुजयजी, तो शब्द चहालाच राहू द्या. मला दुसरा द्या, आणि शर्वरीच्या शब्दापेक्षा लहान चालणार नाही."