निळ्या रेनकोटातला फोटो

लोणावळ्याच्या नोकरीतला एक तपास मनातून जात नाही. त्याचं श्रेय माझं कमी आणि तक्रारदार बाईंचं जास्त.

बाई कुरवंड्याजवळच्या ठाकरवाडीतल्या, चाळिशीच्या. पर्यटकांना डोंगर दाखवायच्या आणि रानभाज्यांचे व्हिडिओ आपल्याच बोलीत मोबाइलवर टाकायच्या. बघणारे वाढले, तशी एका बनावट खात्यावरून त्यांची टवाळी सुरू झाली. बोली, रंग, दात, काहीच सोडलं नाही. पुढे घाणेरडा मजकूर येऊ लागला. पर्यटक कमी झाले. सासरच्यांनी मोबाइल काढून घ्यायची भाषा केली.

त्या पोलीस ठाण्यात आल्या, तेव्हा मीही सवयीने खातं बंद करण्याचा सल्ला दिला. त्या म्हणाल्या, "साहेब, चुकी त्यानं केली. मंग घरात मी का बसू?"

मी ठाणे अंमलदाराला तक्रार लिहून घ्यायला सांगितलं. प्रत्येक पोस्टची प्रिंट त्यांनी तारीखवार लावून आणली होती. इतकं नीट काम आमच्या फाइलींतही क्वचित दिसतं. सायबर विभागाला पत्र गेलं, पण उत्तराला वेळ लागणार होता.

चार दिवसांनी बाई परत आल्या. नव्या पोस्टमधला फोटो त्यांनी स्वतः कधीच कुठे टाकलेला नव्हता. अंगात पुतणीचा निळा रेनकोट होता. तो त्यांनी एकदाच घातला होता, तळेगावच्या एका कारखान्यातली मंडळी सहलीला आली त्या दिवशी. फोटो पाठीमागून काढलेला होता, आणि त्या दिवशी दमून मागे राहिलेला माणूस एकच होता, तिथला सुपरवायझर. पुढे सायबरकडून त्या बनावट खात्यामागचा मोबाइल नंबर आला, तो त्याच्याच नावावर निघाला.

त्याला ठाण्यात बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, नम्र आवाज, घरी दोन मुली. आधी म्हणाला मोबाइल हरवला होता, मग म्हणाला गंमत केली. मी पाणी दिलं आणि सायबरचा कागद पुढे सरकवला. शेवटी त्याने सांगितलं. सहलीत तो सेल्फीसाठी कड्याच्या टोकावर गेला होता. बाईंनी दंडाला धरून मागे ओढलं आणि चार शब्द सुनावले. सहकारी हसले. ते हसणं त्याला पचलं नाही. जिने जीव वाचवला, तिलाच तो कित्येक महिने छळत होता.

मोबाइल जप्त झाला, जबाब झाले. मग तो बाईंपुढे हात जोडून मिटवून घ्या म्हणू लागला. बाईंनी एक प्रिंट त्याच्यापुढे ठेवली.

"हे माझ्याकडं बघून मोठ्यानं वाचा. वाचलं, तर मिटवू."

त्याला पहिली ओळही वाचता आली नाही. यथावकाश दोषारोपपत्र न्यायालयात गेलं.

मी चोर पाहिले, दरोडेखोर पाहिले. समोर माणूस आहे हे त्यांना ठाऊक असतं. पडद्याआडून लिहिणाऱ्याला त्याचा सोयीस्कर विसर पडतो. आम्ही त्याला कलमं लावली, पण समोर माणूस आहे हे त्याला दाखवलं ते बाईंनी, आवाजही न चढवता.