गाळलेले कलम

चुलत भावाच्या सोप्यावर बसून मी एकदा एक कागद मोठ्याने वाचला आणि त्यातले एक कलम मुद्दाम गाळले. ही गोष्ट मी पत्नीलाही कधी सांगितली नव्हती.

पेडण्याच्या आमच्या या कोपऱ्यात कागद आला की तो शिकलेल्याने वाचायचा आणि घरातल्यांनी ऐकायचा, अशी रीत आहे. वाचणारा सांगेल तेच कागदात आहे, असे धरून सही होते. हा चुलत भाऊ, दादा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. डोंगरउतारावरच्या काजी, म्हणजे काजूची झाडे, त्याचे घर पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची, हंगाम दादाचा. बिया विकायच्या, बोंडे मळून रस फेणीच्या भट्टीला लावायचा. त्यावर त्याचे वर्ष निघे.

मी डिचोलीकडे खाणीच्या कचेरीत कारकून होतो. परदेशचा बाजार खुला झाला तेव्हा लाल मातीलाही भाव आला. आमच्याकडे लाद्या आल्या, मोटार आली. दादाकडे शेणाची जमीन तशीच राहिली, आणि जगाबरोबर चालायला शीक, असे मी त्याला ऐकवीत असे. पुढे खाण बंद पडली. मी घरी बसलो. मुलगाही शिकून रिकामाच होता. त्याच सुमारास भाटकाराने तो डोंगर बंगल्यांच्या वसाहतीसाठी बाहेरच्या एका कंपनीला विकला. दादाची ना हरकत हवी होती, म्हणून दलाल आधी माझ्याकडे आला.

"मुलाला ऑफिसात घेऊ," तो म्हणाला. "भावाला तेवढं नीट समजवा."

कागद इंग्रजीत होता. दादा समोर बसला, त्याची बायको, वयनी, दाराशी उभी राहिली.

"काजी गोळा करूक गावतली मां?" दादाने विचारले. पुढेही काजू मिळत राहतील ना, एवढीच त्याला काळजी होती.

"गावतली. तसां तोंडी सांगल्यानी हा."

"तोंडाचां सोड. कागदात काय आसा?"

जाण्यायेण्याचा आणि फळे गोळा करण्याचा कोणताही हक्क यापुढे राहणार नाही, हे कलम माझ्या बोटाखाली होते. मी म्हणालो, "कागदात तांच आसा."

"भावजी वाचतत म्हंजे कोर्टच वाचता," वयनी हसली. दादाने सही केली.

पुढच्या हंगामाआधी डोंगराला फाटक लागले. मुलाला ऑफिस मिळाले नाही. कंत्राटदाराकडून पहारेकऱ्याचा गणवेश मिळाला आणि वर्ष सरायच्या आत तोही काढून घेतला गेला. दलाल फोन उचलीना. आपण फसवले गेलो, हे मी गावभर सांगत हिंडलो. तेव्हा माझी समजूत घालायला आला तो दादाच. "तुका तरी काय ठावक?" तो म्हणाला. "तेंचा इंग्लीशच फसवां." इतकी वर्षे मी त्याला तसेच समजू दिले.

यंदा वयनी त्याच वसाहतीत झाडलोटीला लागली. एका संध्याकाळी वाटेत भेटली. बोंडांच्या चिकाने तिचे हात काळे पडले होते.

"काजी गोळा करूक दिल्यानी?" मी आशेने विचारले.

"खंयची! बोंडां झाडतंय, भावजी. पावण्यांचो पाय घसरता म्हणान. काळ्या पिशयेत भरूची आणि कचऱ्याच्या गाडयेत टाकूची. एक बी खिशात गावली तर फाटकावरलो पास काढून घेतत." मग तीच हसली. "आमच्या झाडांचो कचरो, आणि माका पगार!"

त्या हसण्यात माझ्याविषयी कसलाच संशय नव्हता. मला फसवणारी कंपनी परकी होती. दादाला फसवणारा मी परका नव्हतो. मी तिच्यामागून त्यांच्या घरी गेलो. दादा सोप्यावर सुपारी कातरीत होता. "बस रे," म्हणाला. मला बसवेना.

"दादा, काजी गोळा करूचो हक्क जातलो, असां त्या कागदात लिवलला होता. माका तां समाजला होता. झिलाच्या नोकरेसाठी मी तां गाळलंय आणि तुका खोटां सांगलंय. वयनी, तुमीय आयका. चूक कंपनीचीच न्हय, माझीय आसा. माका माफ करा."