फळ्यावर वेळ लागते

शाळेला जाताना ताई आणि मी रोज तालमीपाशी थांबायचो. आम्ही दोघी कॉन्व्हेंटमधल्या. सिस्टर्स इंग्रजी घोटून घ्यायच्या, मराठी मात्र कच्चं राहायचं. म्हणून आईचा नियम होता: तालमीबाहेरचा काळा फळा मोठ्यानं वाचायचा आणि मगच पुढं जायचं. एक ओळ ताईची, एक माझी. गणपतीची मीटिंग, मोहरमचे पंजे बसवायचा दिवस, कुणाच्या कुस्तीचं अभिनंदन, कुणाचं रक्षाविसर्जन. परिणाम असा, की चौथीत ‘आमची सहल’ या निबंधाचा शेवट मी ‘समस्त गल्लीकर दुःखात सहभागी’ असा केला. ताई हे जन्मभर सांगायची आणि सांगताना स्वतःच हसायची.

दोन महिन्यांपूर्वी ती पुण्यात वारली. सोसायटीच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि तासाभरात त्याखाली पाण्याच्या टँकरचा निरोप आला. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, “माझं नाव आपल्या फळ्यावर लिहून घे गं.” आईबाबांनंतर कोल्हापूरचं घर गेलं, तिकडं जाणंही थांबलं होतं. तरी मी निघाले.

स्वारगेटहून सकाळची एसटी घ्या. रस्ता जागोजागी उकरलेला आहे, सहा तास धरा. गुडघे कुरकुरत असतील तर पुढची सीट बघा. महाद्वार रोडच्या आसपास साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात आणि तिथून पेठा पायी होतात. मिसळीत तिखट कमी सांगितलं तर कमी होत नाही. ते फक्त तुमच्याकडे दयेनं बघतात.

दुपारी चालत निघाले. दर गल्लीला आपला फळा आहे. एकावर जैन मंदिरातल्या प्रवचनाची वेळ, एकावर उरुसाच्या जेवणाचं आमंत्रण, एकावर फुटबॉलची मॅच मारणाऱ्या पोरांची नावं, अगदी टोपणनावांसकट. कोपऱ्यांवर चकचकीत फ्लेक्स आलेत, पण खडू अजून टिकून आहे.

आमची तालीम तिथंच होती. आत गणपतीची जागा, पलीकडच्या कोनाड्यात पंजांची. समोरच्या किराणा दुकानातून एक म्हातारी ओरडली, “कुणाकडं आलाय, पावणं?”

“फळ्याकडं,” मी म्हटलं.

“फळा काय बोलतोय व्हय? हिकडं या, बसा.”

त्या पद्माक्का. त्यांनी दस्तगीरभाईंना हाक मारली. भाईंचे वडील आमच्या वेळी फळा लिहायचे, आता हे लिहितात. मी ताईची सगळी हकिकत सांगितली. ऐकून त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“ताई, फळ्यावर वेळ लागती. लोकांनी कवा यायचं, कुठं यायचं, त्येच्यासाठी फळा. तुमचं सगळं हून गेलंय. आता लिवू काय?”

मी पर्स उगाच उघडली, मिटली.

“मग वेळ ठरीव की, मर्दा!” पद्माक्का कडाडल्या. “उद्या सकाळी साडेआठ. फळ्याम्होरंच. च्या माझा.”

दस्तगीरभाईंनी विचारलं, “नाव कंचं? सासरचं हितं कोण वळखणार न्हाय.”

दुसऱ्या दिवशी आठलाच पोचले. कालच्या बातम्या पुसून ते लिहीत होते: ‘कै. नंदाताई, या गल्लीची लेक. आठवण सभा, सकाळी ८.३०, फळ्यासमोर.’ खाली नेहमीची ओळ. लिहून झाल्यावर त्यांनी लाल खडू माझ्या हातात दिला. “घरच्यांनी लिवायचं नसतंय. नावाखाली रेघ तेवढी तुमी मारा.”

रेघ वाकडी आली.

मला वाटलं होतं, आम्ही तिघंच असू. साडेआठला रस्ता अडला. दुकानं उघडायची थांबवून माणसं आली, फुटबॉलची पोरं आली, ताईला कधीही न पाहिलेल्या सुना आल्या. एकीला मी विचारलं, “तुम्ही ओळखत होता का तिला?”

“न्हाय बा. फळ्यावर हुतं की.”

मी पहिली ओळ, ताईची, मोठ्यानं वाचली. मग दुसरी, माझी. मागून पद्माक्कांनी शेवटची ओळ वाचली, “समस्त गल्लीकर दुःखात सहभागी,” आणि एकदम माझ्याकडं वळल्या. “अगं, ती सहलीवाली तूच न्हवं?”

सगळी गल्ली हसली. मीही हसले, रडता रडता.

दुपारी बसनं हुपरीला गेले. घराघरांत चांदीचं काम चालतं. दोन जोड पैंजण घेतले. परतीला साताऱ्यापाशी पर्स उघडली तर आत लाल खडू. नकळत घेऊन आले होते.

आता घरी आहे. फळे बघायला जाणार असाल तर सकाळी आठनंतर जा आणि श्रद्धांजलीचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.

पुढचं माझ्या मुलांसाठी, मी गेल्यावर वाचायला. पैंजणांचा एक जोड ताईच्या नातीला, दुसरा दस्तगीरभाईंच्या नातीला. माझी जाड शाल पद्माक्कांना, त्या असतील तर. नसतील तर त्यांच्या सुनेला. सोसायटीच्या ग्रुपवर काय टाकायचं ते टाका, पण आधी तालमीत जाऊन वेळ ठरवा. सकाळची. आणि लाल खडू कुणी ठेवून घेऊ नका, दस्तगीरभाईंच्या घरी पोचवा. माझ्या नावाखाली एक रेघ होईल एवढा तो उरला आहे. ती तुम्ही मारा.