दारातला सलाम

येत्या रविवारपासून ऑनलाइन उपासना बंद, सगळ्यांनी चर्चमध्येच यायचं, असा निरोप पाळकसाहेबांनी मंडळीच्या ग्रुपवर टाकला. बाकीच्यांनी त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. मी फोन उपडा करून ठेवला.

भीती कोरोनाची नव्हती. चाकणच्या कंपनीत मी मेंटेनन्सला. आमची लाइन केव्हाच सुरू झाली होती आणि रोज शेकडो माणसांत माझा वावर होता. मला भीती होती रहाटणीच्या काकूंची.

चर्चला कुलूप लागलं तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन फोनवर उपासना कशी लावायची ते शिकवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची मला हौसच. रहाटणीला काका-काकूंकडे गेलो त्या शनिवारी सकाळपासून माझा घसा दुखत होता. मिठाच्या गुळण्या केल्या, कंपनीतली धूळ असेल अशी स्वतःची समजूत घातली आणि गेलो. मंडळीत गीत सुरू करायचे ते काकाच. आम्ही दोघं मास्क लावून, पण एकाच फोनवर वाकून तासभर बसलो. चौथ्या दिवशी मला ताप आला. त्याच आठवड्यात काकांना दवाखान्यात न्यावं लागलं, ते परत आले नाहीत. दोन आठवड्यांनी त्याच आजाराने माझी आईही गेली. घशाचं मी कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

पुढे दर रविवारी स्क्रीनवर काकूंच्या चौकटीत नुसता छताचा पंखा दिसायचा. मी शिकवलं होतं ते काकांना. काकूंना फोन उभा ठेवणंही जमत नसणार. जाऊन दाखवायला पाच मिनिटं लागली असती. मी मात्र नेटवर्कचं कारण सांगून स्वतःचा कॅमेरा बंद ठेवायचो आणि त्या पंख्याकडे बघत बसायचो.

तो रविवार उजाडला. बायकोने शर्ट इस्त्री करून ठेवला, तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणालो.

"तुझं डोकं बरोबर रविवारीच दुखतं," ती म्हणाली आणि गाडीची चावी माझ्या हातात ठेवली.

मी शेवटच्या बाकावर बसलो. काकू तिसऱ्या बाकावर होत्या, शेजारची काकांची जागा मोकळी. उपदेशातला एक शब्द माझ्या कानात शिरला नाही. काकूंनी दोनदा मागे वळून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. यांना सगळं कळलंय, या चारचौघांत विचारणार, असं वाटत राहिलं. आमच्यात उपासना संपल्यावर दाराशी एकमेकांचा हात हातात घेऊन सलाम म्हणायची रीत आहे. त्या दिवशी हात मिळवू नका, लांबूनच सलाम करा, असं पाळकसाहेबांनी बजावलं होतं. तेवढाच दिलासा होता.

आशीर्वचन संपताच मी उठलो, तर काकू दारात पोचलेल्या. त्यांनी हात पुढे केला. मी तो घेतला, पण तोंडातून सलाम फुटेना.

"तू आलास ना, त्याच्या आदल्या रात्रीपासून यांना कणकण होती," काकू हळूच म्हणाल्या. "मी गोळी देऊन बसवलं होतं. सांगितलं असतं तर तू आला नसतास, आणि यांना सगळ्यांचे चेहरे बघायचे होते. मग तुझी आई गेली. तू कॅमेरा लावेनास. मला वाटलं, तुला कळलं. तुला तोंड दाखवायची भीती वाटायची रे. म्हणून मी फोन पंख्याकडे करून ठेवायचे."

मला आधी राग आला. आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मग लक्षात आलं, आता मी गप्प राहिलो तर कायमचा सुटलो. दोन्ही मरणं काकूंच्या माथी जातील आणि मला कधीच कुणी काही विचारणार नाही. एवढी भीती मला ताप आला तेव्हाही वाटली नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "त्या दिवशी सकाळपासून माझा घसा दुखत होता."

आमच्यामागे माणसं खोळंबली होती. त्यांचा हात अजून माझ्या हातात होता, आणि त्या तो काढून घेतील या भीतीने मी खाली बघत उभा राहिलो.